अँजेलाला काय आवडत नाही

आधीच सांगून ठेवते, इंग्रजी मी चांगलं शिकवते. वसईला मराठी शाळेत एकतीस वर्षं पाचवी ते सातवीची पोरं माझ्या हाताखालून गेली. कोणी बँकेत लागलं, कोणी जहाजावर, एक तर फादर होऊन रोम बघून आला. तेव्हा त्या दिवशी इमिग्रेशनच्या ऑफिसात जे काही झालं, त्याचं खापर माझ्या शिकवण्यावर कोणी फोडू नये. माझा मुलगा रॉय अजून फोडतो. फोडू दे, त्याला पाचवीत मीच इंग्रजीत नापास केला होता.

हेरॉल्ड माझा धाकटा भाऊ. दोनच वर्षांनी लहान, म्हणून ताईबिई म्हणत नाही, सरळ लिली म्हणतो. कॅनडात येऊन त्याला वीस वर्षं झाली, मिल्टनमध्ये पिवळी स्कूल बस चालवतो. त्याची बायको लॉरा कॅन्सरने गेली आणि तेव्हापासून सहा वर्षं हा माणूस सिंकपाशी उभ्या उभ्या पाव-बटर खायचा. ताट नको, टेबल नको. मी रॉयकडे राहते, हेरॉल्डच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. डबा पाठवला तर म्हणायचा, "लिली, कशाला त्रास घेतेस?" आणि डबा तसाच फ्रीजमध्ये. शेवटी मी म्हटलं, पुरे झालं, याचं लग्न लावायचं.

मी एकदा मनात घेतलं की घेतलं. अँजेला आमच्याच गावची, चर्चच्या मागच्या आळीतली. शाळेचे गणवेश शिवायची. तिला स्थळं आली नाहीत असं नाही, पण आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून ती गेली नाही. आई गेली तेव्हा अँजेला बावन्नची झाली होती. नाताळात मी हेरॉल्डला घेऊन वसईला गेले, दोघांना समोरासमोर बसवलं, मधे केकची बशी ठेवली. दोघांनीही केकला हात लावला नाही आणि दोघांनीही नाही म्हटलं नाही. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला आणि पुढच्या आठवड्यात लग्न. मग ती व्हिजिटर व्हिसावर आली, इथूनच कायमचं राहण्यासाठी अप्लाय केलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

आता अँजेलाचं सांगते. बाई सोन्यासारखी, पण तिच्या तोंडून एक शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्यापैकी काम. थंडी कशी वाटते? छान आहे, बाई. (गावात सगळे मला बाईच म्हणतात, तीही म्हणते.) घर कसं आहे? छान आहे, बाई. हेरॉल्ड कसा वागतो? छान. एक वर्ष उलटलं आणि छान ऐकून ऐकून माझे कान किटले. मी रोज सकाळी नऊला तिच्याकडे जायची. नवीन बाई, नवीन देश, तिला सोबत नको? फ्रीज उघडून बघायची, भाजी सुकली असेल तर सांगायची, तव्याची कड घासून दाखवायची. ती म्हणायची, "छान केलंत, बाई."

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत सरकारचं पत्र आलं. रॉयने वाचून दाखवलं. नवराबायकोला मुलाखतीला बोलावलं होतं.

"मम्मी, दे आर नॉट कन्व्हिन्स्ड," रॉय म्हणाला. "एवढ्या उशिरा लग्न, तेही तीन आठवड्यांत. त्यांना वाटतंय पेपरसाठी केलेलं लग्न आहे. दोघांना वेगवेगळं बसवून विचारतील. नवरा सकाळी उठून काय करतो, बायकोला काय आवडतं, असलं सगळं. उत्तरं पटली नाहीत तर मामीला परत जावं लागेल."

परत कुठे? वसईचं घर तिच्या भावाने कधीच विकलं होतं. अँजेलाने ओढणीच्या टोकाने डोळ्यांचा कोपरा पुसला आणि म्हणाली, "होईल छान." निघताना हेरॉल्ड मला दारापर्यंत सोडायला आला आणि बूट घालता घालता हळूच म्हणाला, "लिली, ही गेली तर मी परत त्या सिंकपाशी उभा राहणार." दोघांची गाठ मी मारली होती. ती सुटली असती तर दोन माणसं उघडी पडली असती, आणि त्यातला एक माझा सख्खा भाऊ.

रॉय म्हणाला, "इंटरप्रीटर घेऊ या." मी म्हटलं, "घरात एकतीस वर्षांची टीचर असताना दुभाष्या? अँजेला इंग्रजीत बोलेल. खणखणीत बोलेल." रॉयने डोक्याला हात लावला. तो नेहमीच लावतो.

दुसऱ्या दिवसापासून हेरॉल्डच्या बेसमेंटमध्ये शाळा भरली. नातीचा व्हाइटबोर्ड आणला, मार्कर आणले. हेरॉल्ड सकाळची मुलं शाळेत सोडून नऊला घरी यायचा, तसाच बसचं जॅकेट घालून बाकावर, म्हणजे जुन्या सोफ्यावर, बसायचा. शेजारी अँजेला, मांडीवर कणकेचं पातेलं.

"साधा वर्तमानकाळ," मी बोर्डावर लिहिलं. "जी गोष्ट नेहमी घडते, जी माणसाची सवय आहे, जी त्याची आवड आहे, ती सांगायला साधा वर्तमानकाळ. आय लाइक. यू लाइक. पण ही लाइक्स, शी लाइक्स. तिथे शेपटीला एस लागतो. म्हणा."

"ही लाइक्स," दोघं म्हणाले.

"जोरात!"

"ही लाइक्स! शी लाइक्स! ही गोज! शी गोज!"

वीस वर्षं कॅनडात राहून हेरॉल्डचं इंग्रजी म्हणजे बसचं इंग्रजी. सिट डाऊन बडी, नो फूड ऑन द बस, हॅव अ गुड वन. एस तर त्याने विकूनच खाल्ला होता. अँजेला मात्र सातवी पास, आणि मनातून हुशार. कणीक तिंबता तिंबता ओठांत पुटपुटायची, ही ड्राइव्ह्ज, ही ईट्स, ही स्लीप्स. दोन दिवसांत तिला सगळं यायला लागलं. मी खूश.

मग आला नकार. ही डझ नॉट लाइक. मी बोर्डावर लिहिलं आणि लगेच पुसलं. म्हटलं, याचं आपल्याला काय काम? सरकारपुढे काय तक्रार करायला जायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आपल्याकडे परीक्षेला कसं जातात, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. प्रश्न कुठलाही येवो, उत्तर तयार पाहिजे. मी दोघांसाठी दहा दहा ओळींचा निबंध केला. 'माझे पती' आणि 'माझी पत्नी'. माय हजबंड इज अ गुड मॅन. ही गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. ही ब्रशेस हिज टीथ. ही लाइक्स फिश करी अँड राइस. ही गोज टू चर्च ऑन संडेज. हेरॉल्डसाठी तोच, फक्त हीच्या जागी शी. व्याकरणाची एकही चूक काढून दाखवा, म्हणाल ते हरेन.

आठव्या ओळीला अँजेला अडली. "बाई, ही वॉटर्स द प्लांट्स एव्हरी इव्हनिंग म्हणजे... हे झाडांना पाणी कुठे घालतात?"

"वसईला वाडीत घालायचा की नाही?"

"पण इथे तर बर्फ आहे."

"दहा ओळी व्हायला नकोत? नऊ ओळींना कोणी पूर्ण मार्क देतं का?"

"छान आहे, बाई," ती म्हणाली आणि पाठ करायला लागली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी रस्त्यावर बर्फाची नुसती काच झाली होती. हेरॉल्डने लग्नातला सूट घातला होता, त्याची बटणं जीव मुठीत धरून होती. अँजेलाने हिरवी साडी, वर माझा जाड कोट. मी मागच्या सीटवर फुग्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन बसले. फुगे मी पहाटे तळले होते, गोल, टम्म, आमच्या वसईच्या लग्नात असतात तसे. फोर-ओ-वन हायवेवर ट्रक शेजारून चिखल उडवत जात होते आणि आमच्या गाडीत निबंध चालला होता. ही गेट्स अप अर्ली. शी गेट्स अप अर्ली. दोघांच्या तोंडात आता ओळी अशा बसल्या होत्या की मधे खोकला आला तरी पुढची ओळ चुकत नव्हती.

ऑफिसात आधी अँजेलाला बोलावलं. नंतर तिला बाहेर न सोडताच हेरॉल्डला. मी बाहेर बसून रोझरीचे मणी मोजत होते आणि मनात म्हणत होते, माझे विद्यार्थी आहेत, घाबरायचं कारण नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं. चष्मेवाली ऑफिसर, माझ्या सुनेच्या वयाची असेल, बाहेर डोकावली.

"मिस्टर तुस्कानोंची बहीण कोण? तुम्हीच ती टीचर का?"

"येस मॅडम. थर्टी-वन इयर्स," मी ताठ उभी राहून सांगितलं. देवाशपथ सांगते, मला वाटलं मला कौतुकाला बोलावलंय.

आत हेरॉल्ड घामाने निथळत होता. अँजेला मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. ऑफिसरने मला बसायला खुर्ची दिली आणि समोरच्या कागदावरून वाचायला लागली. "माय हजबंड इज अ गुड मॅन. ही गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. ही ब्रशेस हिज टीथ." मग दुसरा कागद. "माय वाइफ इज अ गुड वुमन. शी गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. शी ब्रशेस हर टीथ."

ती थांबली. चष्मा काढून म्हणाली, "मी यांना विचारलं, तुमची पहिली भेट कशी झाली. तर मिस्टर तुस्कानो म्हणाले, ती दात घासते."

हेरॉल्डने डोळे मिटून घेतले.

"आणि मिसेस तुस्कानो म्हणतात, नवरा रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालतो." तिने खिडकीबाहेर पार्किंगमध्ये बघितलं. बर्फ हटवणाऱ्या प्लाऊने ढकललेला ढीग गाड्यांच्या वर गेला होता. "कुठली झाडं, मॅडम?"

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, ग्रामर इज हंड्रेड परसेंट करेक्ट."

"ग्रामर उत्तम आहे," ती म्हणाली, आणि ती चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती दमलेली दिसत होती. "पण मला दोन माणसांबद्दल काहीच कळलेलं नाही. ही दोघं खरंच एका घरात राहतात, की तुम्ही त्यांच्याकडून धडा पाठ करून घेतलाय? मला आज याच्यावर सही करायची आहे. हो किंवा नाही."

मग ती अँजेलाकडे वळली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "तुमच्या नवऱ्याची अशी एखादी सवय सांगा, जी तुम्हाला आवडत नाही. एकच."

अँजेलाने माझ्याकडे बघितलं. ऑफिसरला वाटलं तिला कळलं नाही, तिने मला मराठीत सांगायला सांगितलं. मी सांगितलं. "अगं, हेरॉल्डचं काय आवडत नाही, ते विचारतेय."

"काही नाही," अँजेला म्हणाली. "सगळं छान आहे म्हणून सांगा."

"अँजेला, छान नको! बोल काहीतरी!"

तिचा चेहरा एवढासा झाला. खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्याच भावाला तुमच्यासमोर कसं नावं ठेवू? आईने शिकवलंय, नवऱ्याची गोष्ट नणंदेच्या कानावर घालायची नाही. पाठवायचं तर पाठवू देत मला परत."

माझ्या जिभेवर हेरॉल्डच्या पन्नास खोड्या तयार होत्या. साठ वर्षं ओळखते मी त्याला. वाटलं, हिच्या नावावर मीच चार ठोकून द्याव्यात, ऑफिसरला काय कळणार आहे? तोंड उघडलंसुद्धा. आणि अँजेलाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, शाळेतली मुलं बघतात तशी, बाई आता काय सांगतील ते म्हणायचं म्हणून. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हिच्या तोंडातला बोळा मीच आहे. मी समोर असेपर्यंत ही बाई छानच्या पुढे जाणार नाही.

मी उठले. "मॅडम, आय ॲम हजबंड्स सिस्टर," मी म्हटलं. "इन अवर प्लेस, वाइफ डझ नॉट टॉक बॅड अबाउट हजबंड, व्हेन हजबंड्स सिस्टर इज सिटिंग. आय गो आउट. यू सेंड हिम आउट ऑल्सो. देन यू आस्क हर."

"आणि इंग्रजी?" ऑफिसरने विचारलं.

"शी नोज," मी म्हटलं. मग अँजेलाच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत सांगितलं, "निबंध विसर. एस राहिला तर राहू दे. मी दारापलीकडे आहे, आणि मला काही ऐकू येत नाही, असं समज."

हेरॉल्डला दंडाला धरून बाहेर काढला. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. आम्ही दोघं समोरच्या भिंतीला टेकून त्यातून बघत उभे राहिलो. अँजेलाचे हात मांडीवर होते. बराच वेळ मांडीवरच होते. मग एक हात उठला, बोटांनी हवेत काहीतरी लहानसं दाखवलं. मग दुसरा उठला. मग दोन्ही हात असे काही फिरायला लागले की विचारू नका. तिने नाक दाबून दाखवलं, गाल फुगवून दाखवले, ओढल्यासारखं केलं, ढकलल्यासारखं केलं. आणि दाराआडून आवाज आला, "नो मॅडम! एव्हरी डे! एव्हरी डे!"

"काय सांगतेय ती?" हेरॉल्ड घाबरून म्हणाला.

"तुझे पराक्रम."

"इतके?"

"वर्षभराचे साचलेत. गप्प उभा राहा."

ऑफिसरने मान खाली घातली होती आणि भराभर लिहीत होती. मधेच तिने पेन खाली ठेवलं आणि हसली. चांगली खुर्चीत मागे रेलून हसली. पण थोड्या वेळाने दोघींचेही हात थांबले. अँजेला हळूहळू काहीतरी सांगत होती आणि ऑफिसर हनुवटीवर मूठ टेकून ऐकत होती. मग तिने हेरॉल्डला आत बोलावलं, अँजेलाला बाहेर पाठवलं. अँजेलाचे गाल लालबुंद झाले होते. माझ्या शेजारी येऊन बसली. मी काही विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधीच बसले नव्हते.

दार उघडलं तेव्हा ऑफिसर स्वतः बाहेर आली. तिने अँजेलाचा हात हातात घेतला. "वेलकम टू कॅनडा, मिसेस तुस्कानो," ती म्हणाली. "कागद पोस्टाने येतील. काळजी करू नका." आणि हेरॉल्डकडे वळून म्हणाली, "सर, त्या ओल्या ग्लोव्ह्जचं काहीतरी करा."

हेरॉल्ड रडला. सूट घातलेला साठी उलटलेला माणूस इमिग्रेशनच्या ऑफिसात हुंदके देऊन रडला, आणि मीही रडले, लपवायचं काय त्यात? अँजेला तेवढी रडली नाही. तिने त्याचा टाय सरळ केला.

पार्किंगमध्ये गाडी तापेपर्यंत आम्ही फुगे खाल्ले. मी म्हटलं, "आता तरी सांग, काय काय सांगितलंस?"

एरवी म्हणाली असती, काही नाही बाई. आता तिचं तोंड सुटलं होतं. म्हणाली, "हे ओले ग्लोव्ह्ज हीटरच्या जाळीवर ठेवतात, सगळ्या घराला कुत्र्याचा वास येतो. घोरतात, ते सांगितलं. माशाचं डोकं आधी स्वतः खातात आणि मग म्हणतात, यात काही नव्हतंच. रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याला मोती म्हणून हाक मारतात, लोक बघतात. हीटर कमी करतात आणि मला सांगतात, स्वेटर घाल. मीही कमी नाही. हे बसवर गेले की मी वाढवते."

"तू वाढवतेस?" हेरॉल्ड फुगा हातात धरून तसाच.

"रोज."

"बिल का वाढतंय म्हणून मी कंपनीला दोनदा फोन केला!"

मी हसून हसून बेजार. डोळे पुसले आणि म्हटलं, "पण शेवटी तुम्ही दोघी गंभीर झाल्या होतात. तेव्हा काय सांगत होतीस?"

अँजेलाने एकदा हेरॉल्डकडे बघितलं. "लॉराच्या फोटोचं सांगितलं. हे झोपायच्या आधी तिच्या फोटोला गुड नाइट म्हणतात. पहिल्यांदा मला नाही आवडायचं. मी कूस बदलून घ्यायची. आता कधी दमून तसेच झोपायला लागले, तर मीच ढोसते, अहो, लॉराला गुड नाइट राहिलं. तर मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, नोबडी."

मला हे माहीत नव्हतं. रोज नऊला त्या घरात जाऊन, फ्रीजचा कानाकोपरा बघून, मला हे माहीत नव्हतं. मी पुढे वाकून तिचा गाल कुरवाळला. लॉरा माझीही लाडकी होती.

फोर-ओ-वनला लागलो तेव्हा अँजेला पुढच्या सीटवरून म्हणाली, "बाई, मॅडमनी तुमचंही विचारलं."

"माझं? माझं काय विचारायचंय?"

"अँड युअर सिस्टर-इन-लॉ, म्हणाल्या."

हेरॉल्डचे कान लाल झाले. तो रस्त्याकडे असा बघायला लागला जणू आजच गाडी शिकला. मी म्हटलं, "मग? काय सांगितलंस?"

"शी कम्स एव्हरी मॉर्निंग," अँजेला म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली. एकही एस चुकला नाही. "शी ओपन्स माय फ्रीज. शी टचेस माय तवा. आय डू नॉट लाइक."

राग आला. खोटं कशाला बोलू, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. जिला मी आणली, जिच्यासाठी फुगे तळले! ओठांवर काहीतरी सणसणीत येत होतं, तेवढ्यात ती मान वळवून मराठीत बोलायला लागली.

"नऊला हे पहिली ट्रिप करून येतात ना, बाई. दिवसातला तेवढाच वेळ आम्ही दोघं चहा पितो. तुम्ही असलात की हे पेपर वाचतात आणि मी भांडी घासते." तिने श्वास घेतला. "दुपारी अडीचला हे परत बसवर जातात. तिनाच्या सुमारास बाहेर सगळं सामसूम होतं, रस्त्यावर एक माणूस नसतो, आणि मला घर खायला उठतं. वर्ष झालं. मी खिडकीत उभी राहते. नऊला नका येऊ. तीनला या."

वर्षभर ती छान आहे म्हणत होती आणि दुपारी तीनला खिडकीत उभी राहत होती. दोन गल्ल्यांपलीकडे त्याच वेळी मी टीव्हीपुढे पेंगत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. "अगं, मग सांगायचं नाहीस का आधी, बावळट!" मी ओरडले.

"विचारलंत कुठे तुम्ही? थंडी कशी आहे, एवढंच विचारायचात," ती म्हणाली. मग हेरॉल्डला म्हणाली, "अहो, एक्झिट गेली." आणि खरंच गेली होती. पुढून वळून यायला आम्हाला अर्धा तास लागला आणि तो सगळा वेळ ती त्याच्या गाडी चालवण्याबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी सवयीने कोट घातला, बूट घातले, आणि पुन्हा काढून ठेवले. रॉयची बायको बघतच राहिली. दुपारी शेवया केल्या, डब्यात भरल्या आणि निघाले. फुटपाथवर बर्फ कडक झाला होता, सांभाळून एकेक पाऊल टाकत गेले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"किती उशीर, बाई!" अँजेला म्हणाली. "तीन सांगितले होते ना? चहा गार झाला."